मशीन मेलेलं नाय

नरेशकाकांनी माझ्या हातातून अभ्यासिकेची किल्ली काढून घेतली तेव्हा मी रडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण वस्तीत अजूनही सगळे सांगतात की जागृती रडत घरी गेली. माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती. आणि धूळ कशामुळे, तर नरेशकाकांनी मशीनचं झाकण उघडून आत गाल फुगवून फुंकर मारली होती, त्यामुळे.

"गेलं हे," फुंकून झाल्यावर ते म्हणाले. "डिस्क उडाली. पोरींच्या हातात दिलं की असंच व्हायचं."

आमची वस्ती कर्जतच्या रेल्वे यार्डाला लागून आहे. विहाराच्या मागच्या खोलीत आमची अभ्यासिका. तिथे लहान तिजोरीएवढं एक काळं मशीन उभं असतं आणि त्याला दहा पडदे नि दहा कीबोर्ड जोडलेले आहेत. दहा पडद्यांना स्वतःचं डोकं नाही. सगळ्यांचं डोकं म्हणजे ते काळं मशीन, सर्व्हर. रूपाताईने आणला तो. रूपाताई आमच्या वस्तीतली पहिली इंजिनिअर, आता पुण्यात असते. तिच्या कंपनीने जुने सर्व्हर काढून टाकले तेव्हा तिने एक रीतसर मागून घेतला, त्याच्यावर युनिक्सच्या घराण्यातली फुकटची सिस्टीम बसवली, अख्खा एक उन्हाळा दर रविवारी येऊन मला शिकवलं आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली. माझ्या! आठवीत मी हजेरीला 'हजर' म्हणायचे ते बाईंना ऐकू जायचं नाही, पुढच्या बाकावरची मुलगी माझ्यासाठी ओरडायची. ती मी.

आता मी दहावीत जाणार होते, आणि आवाजाचं म्हणाल तर आई म्हणते, कमी कर जरा.

तर मे महिन्यात लाइनच्या कामासाठी दिवसभर वीज गेली. मशीनची बॅटरी थोडा वेळ तग धरून गप्प झाली आणि रूपाताईने बसवल्यापासून रात्रंदिवस चालणारं ते मशीन पहिल्यांदा बंद पडलं. संध्याकाळी वीज आली. मीच बटण दाबलं. पंखे घुमले, हिरवा दिवा लागला, आणि मुख्य पडद्यावर एकच पांढरी ओळ आली. इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर, बूट व्हॉल्यूम सापडत नाही.

बटण मी दाबलं, म्हणजे मी बिघडवलं. हिशोब संपला.

नरेशकाका मंडळाचे अध्यक्ष. त्यांना त्या खोलीत जिम करायची होती, आजची नाही, फार दिवसांची इच्छा. डंबेल्स त्यांच्या पडवीत येऊन पडले होते. मशीन बंद पडल्याचं कळताच दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, फुंकर मारली, आणि बाहेर चौकात चार माणसांदेखत माझ्याकडे हात पसरला. "किल्ली दे. रविवारी मिटिंगला ठराव घेऊ. हे भंगारात जाईल, खोलीत जिम होईल. पोरांच्या अंगाला तरी लागेल काहीतरी."

"मशीन मेलेलं नाय," मी म्हणाले.

"तू डॉक्टर हायस?"

"ते स्वतः सांगतंय ना, बूट व्हॉल्यूम सापडत नाय म्हणून. मेलेला माणूस कधी विचारतो का, माझी चप्पल कुठं गेली?"

चौकातले लोक हसले. नरेशकाका हसले नाहीत. किल्ली मात्र गेली.

दुपारी रूपाताईला फोन लावला. तिची जेवणाची सुट्टी असते तेव्हाच ती बोलू शकते. माझ्या शेजारी तेजश्री उभी होती. तेजश्री माझ्या वर्गातली, रुळापलीकडच्या कुणबी आळीत राहते, तिची आई तिला "तिकडं कशाला जातेस" म्हणते आणि ती रोज येते.

"पडद्यावर काय आलंय ते जसंच्या तसं वाच," रूपाताई म्हणाली. मी आदल्या दिवशी काढलेल्या फोटोवरून वाचलं. ती म्हणाली, "मशीनच्या मागे बघ. अगदी खालच्या भोकात नखाएवढा पेनड्राइव्ह आहे का? मी त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय."

बघणार कसं? खोलीला कुलूप. पण मशीनची पाठ मागच्या खिडकीकडे आहे, आणि खिडकीला फक्त जाळी आहे. तेजश्री भिंतीला हात लावून वाकली, मी तिच्या पाठीवर चढले.

"लवकर बघ गं, काय खाल्लंयस सकाळी?"

"भाकरी."

"भाकरी का चूल?"

जाळीतून दिसलं. खालचं भोक रिकामं होतं.

"नाय ताई. तिथं काहीच नाय."

"अरे देवा," रूपाताई म्हणाली. ती देवबिव मानत नाही, पण म्हणाली. मग तिने सांगितलं ते असं. मशीन जुनं, त्याच्या मोठ्या डिस्कवरून त्याला आपलं आपण उठता येत नाही. म्हणून उठवण्यापुरता जो भाग लागतो, बूट व्हॉल्यूम, तो तिने वेगळा त्या पेनड्राइव्हवर ठेवला होता. मशीन एकदा उठलं की मग त्याला तो लागत नाही. सगळा कारभार मोठ्या डिस्कवरून चालतो. मुलांचे धडे, सराव परीक्षा, सगळं तिथेच.

"म्हणजे चालू मशीनमधून कुणी तो उपटला तर?"

"तर काहीच होणार नाही. बंद पडून परत चालू करायची वेळ येईपर्यंत कुणाला कळणारही नाही."

हे ऐकलं आणि मला एकदम बँकर दिसला. माझे पप्पा कर्जत यार्डात आहेत. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला आमच्याकडे मागून जादा इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. तो गाडीला ढकलत घाट चढवतो आणि वर लोणावळ्याला सुटा होतो. पुढे गाडी सोलापूरला जावो की हैदराबादला, बँकर मागे राहिल्याचं आतल्या माणसाला कळतही नाही. पण गाडी परत घाटाखाली आली आणि बँकर मिळाला नाही, तर बसा कर्जतला वडापाव खात.

"ताई," मी विचारलं, "हे तू मला आधी का नाय सांगितलंस?"

पलीकडे डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. "राहून गेलं गं. मला वाटलं ते कधी बंदच होणार नाही."

मग तिने दुरुस्ती सांगितली. दुसऱ्या एका पेनड्राइव्हवरून मशीन तात्पुरतं उठवायचं, आत शिरून मोठी डिस्क जोडायची, आणि कोऱ्या पेनड्राइव्हवर बूट व्हॉल्यूम नव्याने उभा करायचा. "एकच सांभाळ," ती म्हणाली. "कोरा करताना नाव बघून कर. पेनड्राइव्हच्या ऐवजी मोठ्या डिस्कचं नाव टाकलंस तर मग खरंच मेलं समज. मी येऊ का पुढच्या आठवड्यात?"

पुढच्या आठवड्यात तिथे डंबेल्स असणार होते. "नको," मी म्हणाले. "मी करते."

घरी आले तर माझा भाऊ मिलिंददादा जेवत बसला होता. तो खालापूरच्या टोलनाक्यावर कामाला आहे, आणि नुकताच मंडळाचा सेक्रेटरी झालाय. त्याच्या बाइकची किल्ली खिळ्याला लटकत होती. किल्लीच्या कडीत निळ्या निशाणाचा बिल्ला, बाटलीचं ओपनर, आणि नखाएवढा काळा पेनड्राइव्ह. त्याच्यावर लाल ठिपका.

मी ती किल्ली खिळ्यावरून काढली आणि त्याच्या ताटासमोर धरली.

"दादा, हा कुठनं आणलास?"

"कुठला? तो? पडलेला व्हता."

"कुठं पडलेला?"

"मशीनच्या मागं."

"मागं पडलेला, का मागं लावलेला?"

त्याने घास चावायचा थांबवला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत ऐनवेळी डीजेच्या टेंपोवर गाण्यांचा पेनड्राइव्ह चालेना. नरेशकाका ओरडले, मिल्या, कुठनंपण आण, पण आण. दादाने घरातून अभ्यासिकेची किल्ली उचलली, धावत गेला, समोर दिसला तो पेनड्राइव्ह उपटला. त्यात काय होतं ते पुसलं आणि गाणी भरली. मिरवणूक झोकात झाली. मीच पुढे लेझीम खेळत होते! माझ्याच मशीनच्या बँकरवर!

"तुला किल्ली घेताना विचारता नाय आलं?"

"तू नाचत व्हतीस." मग त्याने आवाज खाली आणला. "जागू, हे बघ. मिटिंगमध्ये तोंड उघडू नको. मला आताच सेक्रेटरी केलाय."

"आणि मला आताच बिघडवी केलाय."

"अगं, दोन दिवसात लोक विसरतील."

"मग तू सांग. तुझंपण विसरतील."

आई चुलीपाशून म्हणाली, "घरातलं घरात मिटवा रं."

"आई, किल्ली घरात घेतली असती तर घरात मिटवलं असतं. चौकात घेतलीय."

"मग तो पेनड्राइव्ह तरी दे," मी दादाला म्हणाले. त्याने किल्ली माझ्या हातातून ओढली. "मंडळाचा हाय तो. जयंतीची गाणी हायत." आणि हात न धुताच बाइकला किक मारून गेला. ते उष्टे हात हँडलला लागले असणार. बरं झालं.

शनिवारी तेजश्री आणि मी एसटीने खालापूरला गेलो. तिचा मावसभाऊ साईराज तिथे कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची गोल फिरवत म्हणाला, "अगं, काळ्या पडद्यावरच्या कमांडा हायत त्या. मेंदीची डिझाइन नाय."

"मेंदी चुकली तर धुतली तरी आठवडाभर दिसते," तेजश्री म्हणाली. "कमांड परत मारता येते. म्हणजे तुझंच काम सोपं झालं की रं."

साईराज वाईट नाही. त्याने आम्हाला मशीन तात्पुरतं उठवायचा एक पेनड्राइव्ह बनवून दिला, परत आणून द्यायच्या बोलीवर, आणि क्लासमधला एक मोडका कॉम्प्युटर दुपारभर दिला. आम्ही त्याचा बूट व्हॉल्यूम मुद्दाम उडवायचो आणि परत उभा करायचो. पहिल्या खेपेला मी चुकीच्या डिस्कचं नाव टाकलं. एंटर दाबलं आणि सगळी डिस्क कोरी. एवढी शांतपणे कोरी झाली की मला आधी कळलंच नाही. उद्या हेच झालं तर नरेशकाकांचं म्हणणं खरं होणार होतं, पोरीने बिघडवलं, आणि ह्या वेळी ते खोटं नसणार होतं.

तेव्हा आम्ही एक नियम केला. पुसायची कमांड मी टाइप करायची, तेजश्रीने डिस्कचं नाव आणि आकार मोठ्याने वाचायचा, आणि ती "हो" म्हणाल्याशिवाय मी एंटर दाबायचं नाही. हे पप्पांच्या यार्डातलं. तिथे डब्यांना जोडणारं कपलिंग लावणारा आणि इशारा देणारा एकच माणूस कधीच नसतो.

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली आणि सतरंजीवर मिटिंग बसली. मध्ये धर्माजी आजोबा. ते विहाराच्या समितीचे जुने प्रमुख, रेल्वेतून रिटायर झालेत, कमी ऐकू येतं पण जे ऐकायचं ते बरोबर येतं. एका बाजूला नरेशकाका, त्यांच्या मागे मिलिंददादा. बायकांत आई. दारात भंगारवाल्या गोमाचा टेंपो आधीच येऊन उभा. म्हणजे ठराव व्हायच्या आधीच टेंपो! नरेशकाकांनी खोलीचं कुलूप उघडलं आणि गोमा दोन माणसं घेऊन आत जायला निघाला.

मी जाऊन दारात उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला.

"बाजू हो गं," गोमा म्हणाला.

"मशीनला हात लावायचा नाय."

"जागृती!" नरेशकाका उठले. "मोठ्यांची मिटिंग चाललीय."

"मग मिटिंग होऊ द्या ना काका. ठराव झाला का? का टेंपोच ठराव घेऊन आलाय?"

आईने कपाळाला हात लावला. धर्माजी आजोबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणती ती?"

"ती म्हणती मशीन मेलेलं नाय," मागून कुणीतरी ओरडलं.

"मग?" आजोबा मला म्हणाले.

"मग मला वेळ द्या. तुमी चहा घ्या. तुमचा चहा होईस्तोवर मशीन उठलं तर ते राहील, खोली राहील, किल्ली मला मिळेल. नाय उठलं तर मी स्वतः उचलून टेंपोत ठेवीन."

"तुला उचलंल का ते?" गोमा म्हणाला.

"तेजश्री हाय ना."

"आणि हे बघा," मी बोलून टाकलं, थांबले असते तर जीभ लुळी पडली असती. "बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून तुमी अभ्यासिका भंगारात घालताय. घाला. पण निदान ती मेलीय का ते बघून घाला."

आजोबा नरेशकाकांकडे न बघता म्हणाले, "चहा टाका."

आत जायच्या आधी मी मिलिंददादासमोर जाऊन हात पसरला. चौकात नरेशकाकांनी पसरला होता तसाच.

"लाल ठिपक्याचा पेनड्राइव्ह दे."

दादाचे कान लाल झाले. नरेशकाकांनी विचारलं, "तो कशाला? त्यात मंडळाची गाणी हायत."

"गाणी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हायत. मला कोरा पेनड्राइव्ह लागतो, आणि हाच लागतो." माझ्याकडे दुसरा होता का? नव्हता. पण असता तरी मी हाच मागितला असता. "हा मशीनच्या पाठीतला हाय. ह्याच्यावाचून ते उठत नाय. जयंतीला तो तिथनं उपटला. मिलिंददादानं उपटला, नरेशकाकांनी घाई केली म्हणून. किल्ली माझी घेतली आणि मला विचारलं नाय. मशीन मी बिघडवलेलं नाय."

सतरंजीवर एकदम मधमाश्यांसारखा आवाज सुरू झाला. मला वाटलं दादा नाही म्हणेल. तो उठला. खिशातून किल्ली काढली, कडी नखाने उलगडायला लागला, ती उलगडेना, आणि सगळे बघतायत. शेवटी उलगडली.

"हां, काढला," तो म्हणाला. आवाज चढला होता. "पण मला काय ठाऊक त्याच्यात मशीनचा जीव हाय? कुणी सांगितलं व्हतं का? त्याच्यावर लिवलं व्हतं का? एवढासा तर हाय!"

त्याने तो माझ्या तळहातावर आपटला आणि जाऊन बसला. मला उलट उत्तर द्यायचं होतं. तोंडात आलं पण होतं. पण तो जे बोलला ते खरं होतं, रूपाताईने मलाही सांगितलं नव्हतं. मी आत गेले.

साईराजच्या पेनड्राइव्हवरून मशीन उठलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. मोठी डिस्क जोडली आणि आतली यादी मागितली. क्षणभर काही नाही, मग भराभरा नावं खाली धावायला लागली. इयत्ता आठवी विज्ञान. सराव परीक्षा. लहान मुलांनी काढलेल्या चित्रांचं फोल्डर. सगळं जागच्या जागी.

"हाय!" तेजश्री किंचाळली. बाहेर चहाच्या कपांचा आवाज थांबला.

आता लाल ठिपका. मी पेनड्राइव्ह लावला आणि पुसायची कमांड टाइप केली. बोट एंटरवर. दारात गोमा, त्याच्या मागे नरेशकाका, त्यांच्या खांद्यावरून आई डोकावत होती.

"नाव वाच," मी तेजश्रीला म्हणाले.

ती वाचायला लागली आणि थांबली. "आकार बघ गं. हा तर मोठा हाय."

खरंच. नाव मोठ्या डिस्कचं होतं. खालापूरच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह ज्या नावाने यायचा, त्याच नावावर इथे आमची मोठी डिस्क बसली होती, आणि माझ्या बोटांना कालची सवय लागली होती. मी बोट हळूच उचललं. तेजश्रीने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त म्हणाली, "बदल." मी बदललं. तिने परत वाचलं, नाव, आकार, परत नाव.

"हो."

एंटर. जयंतीची गाणी गेली. मागे नरेशकाकांनी चक् केलं.

मग सिस्टीमच्या आत शिरून तिचा गाभा, म्हणजे मशीन उठताना जी फाइल आधी वाचतं ती, नव्याने आणायचा होता आणि त्याला इंटरनेट लागतं. तेजश्रीच्या मोबाइलवर रेंज फक्त खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात होती. ती खुर्चीवर चढून हात वर करून उभी राहिली. "लेझीम दे हातात," गोमा म्हणाला. "तुमीच धरा मग," ती म्हणाली, आणि हात दुखल्यावर खरंच गोमाने धरला. भंगारवाला आमच्या मशीनसाठी खिडकीशी मोबाइल धरून उभा! नरेशकाका त्याला काहीतरी पुटपुटले, तर तो म्हणाला, "थांबा ओ, अर्धं आलंय."

सगळं आलं, बसलं. मी साईराजचा पेनड्राइव्ह काढून मशीन परत चालू केलं. ह्या वेळी पांढरी ओळ आली नाही. एकाखाली एक ओळी धावायला लागल्या. बाहेरून चारपाच जण आत घुसले. आणि मध्येच सगळं थांबलं. पडदा तसाच. मग एक लाल ओळ.

"अडकलं," नरेशकाका म्हणाले. त्यांना आनंद झाला असं मी म्हणत नाही. पण म्हणाले.

"मंकी हिलला थांबलीय गाडी," मी म्हणाले.

यार्डातली माणसं हसली. घाटात मध्येच ते स्टेशन आहे, गाडी तिथे थांबते म्हणून कुणी पुणं गेलं म्हणून रडत नाही. मी ती लाल ओळ वाचली, मोठ्याने. मशीन जुना पेनड्राइव्ह शोधत होतं. पेनड्राइव्ह तोच, पण कोरा केला की त्याला नवा ओळखीचा नंबर मिळतो, आणि मशीनच्या आतल्या एका फाइलमध्ये अजून जुनाच नंबर होता. रूपाताईने हे सांगितलं होतं. मीच विसरले होते. मी ती फाइल उघडली, नवा नंबर टाकला, तेजश्रीने एकेक अक्षर पडताळलं. "हो."

परत बटण. ओळी धावल्या, लाल ओळीची जागा आली, गेली. मुख्य पडद्यावर निळा रंग आला. मग खोलीत ओळीने, एकापाठोपाठ एक, दहाही पडदे उजळले. मागच्या कोपऱ्यातला तो नेहमी उशीर करणारासुद्धा.

मुलं आत धावली. कुणीतरी खुर्ची पाडली. आई दारातच होती. ती पदराने एका पडद्यावरची धूळ पुसायला लागली.

धर्माजी आजोबा उठून आले. मशीनकडे बघितलं, मग लाल ठिपक्याकडे. "म्हंजी हा बँकर," ते म्हणाले. मी त्यांना ते सांगितलंही नव्हतं.

"हो आजोबा."

"आणि बँकर सोडून गाडी चालली व्हती, जयंतीपासनं." ते नरेशकाकांकडे वळले. "किल्ली?"

नरेशकाकांनी किल्ली टेबलावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. टेबलावर. ठीक आहे. मी उचलली. आभार मानले नाहीत.

"झालं ना आता?" नरेशकाका म्हणाले. "मिटला विषय."

मिटला नव्हता. मिलिंददादा भिंतीला टेकून उभा होता, माझ्याकडे न बघता. कुणी सांगितलं व्हतं का, तो म्हणाला होता. उद्या मी कॉलेजला गेले, किंवा आजारी पडले, आणि वीज गेली, तर परत हेच.

मी मशीनपाशी गेले आणि रीतसर बंद करायची कमांड दिली. दहाही पडदे काळे झाले. पंखे थांबले.

"अगं!" सगळी खोली ओरडली. तेजश्रीसुद्धा.

"डोकं फिरलं का हिचं?" नरेशकाका. "आता तर चालू झालं व्हतं!"

मी पेनड्राइव्ह उपटला आणि दादासमोर धरला. लाल ठिपका वर करून.

"तू चालू कर."

"मी?"

"तू काढलास, तू लाव. कुठं लावायचा ते तुला ठाऊक हाय. न लावता आधी बटण दाब, ती पांढरी ओळ बघ, वाच. मग लाव आणि परत दाब."

सगळे बघत होते. मग त्याने शर्टाला हात पुसले, त्याला काय वाटलं कोण जाणे, आणि मशीनसमोर बसला. बटण दाबलं. पांढरी ओळ आली. त्याने ती अडखळत वाचली, इंग्रजीत, मोठ्याने, जशी मी आठवीत कधी वाचली नव्हती. मग वाकून मागे हात घातला, चाचपडला, एकदा उलटा लावला, मग सुलटा. परत बटण.

ओळी धावल्या. निळा रंग आला. पडदे उजळले.

"एवढंच?" दादा म्हणाला.

"एवढंच. आता बंद कर."

"परत?"

"परत," मी म्हणाले आणि खुर्ची मागे ओढून धरली. "या नरेशकाका, तुमचा नंबर."